कोळिणीची पांढरी गोळी

भातखाचराच्या बांधावर उकिडवं बसून नीट पाहिलं, की जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा एक तपकिरी कोळी मागे पांढरट गोळी घेऊन पळताना हमखास दिसतो. पाहणाऱ्यांना वाटतं, याचं पोट सुजलंय. तसं काही नाही. ती लांडगा कोळ्याची मादी असते आणि ती गोळी म्हणजे सुतात गुंडाळलेली तिची अंडी. पोटाच्या टोकाला जिथून सूत निघतं, तिथेच तिने ही पिशवी चिकटवलेली असते. कुणी ओढू लागलं, तर ती उलटी फिरून पिशवी जबड्यात घट्ट धरते.

कोळी अंडी घालतो आणि विसरतो, असं सरसकट म्हणतात. काही जाती तशा आहेतही. ही मात्र पिशवी सोबत घेऊनच शिकार करते आणि अंड्यांना ऊन देते. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ फाब्र (१८२३–१९१५) यांनी तिकडच्या मोठ्या लांडगा कोळिणीला बिळाच्या तोंडाशी तीन-चार आठवडे रोज पिशवी उन्हात धरून फिरवताना पाहिलं. त्यांनीच पिशवी काढून घेऊन बुचाचा गोळा पुढे केला, तर तिने तोही जिवापाड सांभाळला! म्हणजे राखण अस्सल, पण आपली अंडी तिला ओळखू येतात हा समज चुकीचा.

‘कोळी चिरडला की पोटातून पिल्लं बाहेर पडतात’ हेही असंच. कोळी अंडीच घालतात, पिल्लांना जन्म देत नाहीत. पिल्लं पिशवीतच अंड्यातून निघतात. मग आई पिशवीची कड जबड्याने उसवते आणि ती तिच्या पायांवरून पाठीवर चढतात, केसांना धरून एकमेकांवर थर लावून बसतात. छोट्या जातींत हा मुक्काम साधारण आठवडाभराचा. तोवर अंगातल्या बलकावर त्यांचं भागतं. पायाखाली आल्यावर पांगतात ती ही पाठीवरची पिल्लं.

पिल्लं आईलाच खातात, ही गोष्ट काटेरी झुडपांवर वस्ती करून राहणाऱ्या स्टेगोडिफस कोळ्यांबाबत खरी आहे. लांडगा कोळ्यांबाबत नाही.

भातावरचे तुडतुडे हे या कोळ्यांचं आवडतं खाद्य. शेतकरीदादा, फवारणी ठरवण्याआधी चुडाच्या बुंध्याशी वाकून तुडतुडे मोजाल, तेव्हा पांढरी गोळी घेऊन फिरणाऱ्या कोळिणीही मोजा.