ट्लिंगिटांचे कुलस्तंभ

अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावर राहणाऱ्या ट्लिंगिट लोकांचे उंच कोरीव स्तंभ पाहून कित्येक पाश्चात्त्य प्रवाशांना त्या देवतांच्या मूर्ती वाटल्या. वस्तुतः सीडर वृक्षाच्या खोडावरील तो कावळा, ते अस्वल, तो लांडगा ही कुळांची चिन्हे होत. कूळ आईकडून येते आणि चिन्ह ही त्या कुळाची मालमत्ता. इतरांस ते मिरविण्याचा अधिकार नाही. समाजाचे विभाग दोन: एक कावळ्याचा, दुसरा गरुडाचा अथवा लांडग्याचा. रूढीने विवाह विरुद्ध विभागातच व्हावयाचा. आपल्याकडील देवकाची येथे आठवण होते! मौज अशी, की स्तंभ कोरण्याचे कामही विरुद्ध विभागातील कारागिराकडे जाई व त्याचा मोबदला भर मेजवानीत दिला जाई. पाहुणे हेच साक्षीदार.

१८९९ साली टोंगास गावचे बहुतेक लोक मासेमारीस गेले असता अमेरिकेतील सिॲटल शहराच्या व्यापारी मंडळींनी तेथील एक स्तंभ कापून नेला व आपल्या चौकात उभारला. बुडून मरण पावलेल्या एका थोर घराण्यातील स्त्रीचे ते स्मारक होते. १९३८ साली तो आगीने खराब झाला, तेव्हा त्याची प्रतिकृती ट्लिंगिट कारागिरांनीच कोरली. १९४० साली ती उभी राहिली. मात्र टोंगासला नव्हे, सिॲटललाच.