डुकराच्या पिलांतील आंत्ररोग आणि जीवाणूंची विषे

डुकराचे पिलू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडे जवळजवळ नसतात. मानवी वारेतून आईची प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोहोचतात. डुकरिणीच्या वारेतून ती जात नाहीत. ती मिळतात जन्मानंतर प्यालेल्या चिकातून, आणि सुमारे २४ ते ३६ तासांत आतड्याचे अस्तर अशी मोठी प्रथिने शोषून घेणे थांबवते. या अल्पावधीतील उणीव जीवाणूंच्या पथ्यावर पडते. प्रस्तुत लेखात अशा दोन जीवाणूंच्या विषांचा विचार केला आहे.

पहिला जीवाणू म्हणजे एश्चेरिचिया कोलाय या जातीचे विषोत्पादक प्रकार. हे जीवाणू ऊतींत शिरत नाहीत. सूक्ष्म तंतूंच्या साहाय्याने ते लहान आतड्याच्या अस्तराला चिकटतात. यांपैकी एका तंतूचे जुने नाव के-८८ असून आज तो एफ-४ म्हणून ओळखला जातो. हा तंतू आणि विष या दोहोंची जनुके प्लास्मिडांवर असतात. स्मिथ आणि लिंगूड यांनी १९७१ मध्ये दाखविले की, के-८८ गमावलेला जीवाणू विष निर्माण करीत असला तरी पिलांत रोग उत्पन्न करू शकत नाही. ज्या पिलांच्या आतड्यात या तंतूचा ग्राहकच आनुवंशिकतेने नसतो, ती या प्रकारापासून बचावतात.

या जीवाणूंची विषे दोन प्रकारची असतात. उष्णतेने नाश पावणाऱ्या विषाची रचना पटकीच्या विषाशी मिळतीजुळती आहे. त्या विषाचे अस्तित्व कलकत्त्याचे डॉ. शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या बांधलेल्या आतड्यावरील प्रयोगाने सिद्ध केले होते. त्याच पद्धतीने त्यांनी १९५६ मध्ये कोलाय जीवाणूही तपासले होते. हे विष पेशीतील एका नियंत्रक प्रथिनाला कायमचे ‘चालू’ अवस्थेत ठेवते. परिणामी चक्रीय एएमपीचे प्रमाण वाढते, क्लोराइड बाहेर पडते आणि त्यामागोमाग सोडियम व पाणी जाते. दुसरे, उष्णता सहन करणारे विष हे लहानसे पेप्टाइड होय. त्याचा एक प्रकार चक्रीय जीएमपीच्या मार्गाने तोच परिणाम घडवितो. आतड्याची भिंत मात्र सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ अखंड दिसते. पिलू मरते ते पाणी व क्षार गमावल्याने. ग्लुकोजसह सोडियम शोषण्याची यंत्रणा शाबूत असल्यामुळेच साखर-मिठाचे द्रावण येथे उपयोगी पडते.

क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्सच्या ‘क’ प्रकाराची गोष्ट निराळी आहे. त्याचे बीटा विष पेशीपटलाला छिद्रे पाडते. आतड्यातील उद्वर्ध मृत होतात, रक्तमिश्रित हगवण लागते, आणि पिलू बहुधा पहिल्या काही दिवसांतच दगावते. येथे द्रावणाचा उपयोग फारसा होत नाही, कारण शोषणारे अस्तरच उरत नाही. वास्तविक ट्रिप्सिन हे पाचक विकर बीटा विषाचा सहज नाश करते. परंतु चिकात ट्रिप्सिनरोधक द्रव्य असते. ते प्रतिपिंडांना पचनापासून वाचविते आणि त्याच कृतीने विषालाही वाचविते. पापुआ न्यू गिनीतील ‘पिगबेल’ या मानवी रोगामागे हाच जीवाणू आहे. तेथे रताळ्यातील ट्रिप्सिनरोधकाने तीच भूमिका बजावल्याचे मानले जाते.

प्रतिजैविकांवर भिस्त ठेवणे आता कठीण झाले आहे. कोलिस्टिनला दाद न देण्याची क्षमता प्लास्मिडावरून पसरते, हे २०१५ मध्ये चीनमधील डुकरांच्या जीवाणूंतही आढळले. भारताने २०१९ मध्ये अन्नोत्पादक प्राण्यांत या औषधाचा वापर बंद केला. दूध तुटल्यानंतरच्या हगवणीवर दिले जाणारे झिंक ऑक्साइडचे औषधी प्रमाण युरोपीय संघात जून २०२२ पासून थांबले. त्यामुळे गाभण मादीला तंतू-प्रथिने व निष्प्रभ विष असलेली लस देण्याला महत्त्व येते. मात्र ही प्रतिपिंडे चिकातूनच पोहोचतात; वेतातील सर्वांत अशक्त पिलू आचळापर्यंत वेळेत पोहोचले नाही, तर मादीच्या लसीचा त्याला लाभ होत नाही.