टॅब घ्यायचाय? मग दुकानात ‘कऱ्हाड’ लिहून बघा!

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे दोन गोष्टी एकदम सुरू होतात. साखर कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात आणि मंगल कार्यालयांच्या तारखा भराभर बुक होतात. अलीकडे यात तिसरी भर पडलीय. कॉलेजच्या कट्ट्यावर कुणीतरी म्हणतंच, ‘या सीझनला टॅब घेऊन टाकतो राव.’ लग्नाची रील, गावच्या यात्रेचा व्हिडिओ, गॅदरिंगची आफ्टरमूव्ही, मित्राची शॉर्टफिल्म... हे सगळं फोनच्या एवढ्याशा स्क्रीनवर कापून-जोडून डोळे दुखले की मोठी स्क्रीन हवीशी वाटणारच.

आणि आपल्या भागात हे काम आहेसुद्धा. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर २००४ च्या ‘स्वदेस’चं शूटिंग झालं, तेव्हा आपल्याकडे लोकेशन होतं आणि युनिट बाहेरचं होतं. त्यानंतर सातारा जिल्ह्यातल्या गावात शूट झालेली ‘गावाकडच्या गोष्टी’ ही वेबसिरीज यूट्यूबवर महाराष्ट्रभर बघितली गेली. सांगली तर नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ इथेच रंगमंचावर आणलं. गोष्ट सांगणाऱ्यांची इथे कमी कधीच नव्हती.

पण टॅबला लागतात तीस-चाळीस हजार. बऱ्याच घरांत हा आकडा म्हणजे वर्षाची फी, नाहीतर उसाच्या बिलातला मोठा घास. त्यामुळे बॉक्सवरचं ‘प्रो’, ‘अल्ट्रा’, ‘एआय’ वाचून भुलण्याआधी एक साधी गोष्ट करा. दुकानात जाताना तुमचं स्वतःचं काम सोबत न्या. तुमचं फुटेज, तुमचा पेनड्राइव्ह आणि तुमची मराठी. कसं, ते बघूया.

आधी हिशेब फुटेजचा

‘किती जीबीचा घेऊ?’ याचं उत्तर तुम्ही किती मिनिटं शूट करता यात आहे. आयफोनवर हाय एफिशियन्सी सेटिंगमध्ये एक मिनिटाचा व्हिडिओ फुल एचडी, ३० फ्रेम्सला साधारण ६० एमबी घेतो. ४के, ३० फ्रेम्सला १७० एमबी आणि ४के, ६० फ्रेम्सला तब्बल ४०० एमबी. अँड्रॉइड फोनचे आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात. तुमच्या फोनवर एक मिनिट शूट करा आणि फाइलचा साइज बघा, झालं.

आता एक लग्न घ्या. हळदीपासून पाठवणीपर्यंत मिळून तीन तास फुटेज. ४के, ३० ला ते होतं साधारण ३० जीबी, फुल एचडीला ११ जीबी. एडिट करताना अॅप स्वतःच्या तात्पुरत्या फाइल्स बनवतं आणि शेवटी तयार व्हिडिओही तिथेच साठतो. म्हणजे ३० जीबीच्या लग्नाला ५०-६० जीबी मोकळी जागा हाताशी हवी. १२८ जीबीच्या टॅबमध्ये सिस्टीम आणि अॅप्स धरून उरते शंभरेक जीबी. एका वेळी एकच लग्न! ६४ जीबीचा टॅब स्वस्तात मिळतोय म्हणून घेणार असाल, तर तो रील्सपुरताच आहे हे धरून चाला.

मेमरी कार्डची सोय हा इथे मोठा फरक आहे. आयपॅडला कार्ड घालायची जागाच नसते. सॅमसंगच्या टॅब एस-९ मालिकेत ती आहे. मात्र कार्डवरून थेट एडिट करायला गेलात तर काम अडखळतं. कार्ड जुनं फुटेज ठेवायला बरं.

पोर्ट सारखंच दिसतं, पण...

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. आजच्या जवळपास सगळ्या टॅबना टाइप-सी पोर्ट असतं. दिसायला सगळी सारखी. आतला वेग मात्र वेगळा.

मार्च २०२५ मध्ये आलेल्या ए-१६ चिपच्या साध्या आयपॅडचं टाइप-सी हे यूएसबी २ च्या वेगाचं आहे, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ४८० मेगाबिट. एम चिपवाल्या आयपॅड एअरला हाच वेग १० गिगाबिटपर्यंत जातो. सॅमसंगमध्येही तेच. २०२३ चे टॅब एस-९ आणि टॅब एस-९ एफई नावाला सख्खे भाऊ, पण एस-९ ला यूएसबी ३.२ आणि एफईला यूएसबी २.

याचा अर्थ काय? ते ३० जीबीचं लग्न यूएसबी २ वरून आत घ्यायला कागदावर साडेआठ मिनिटं, प्रत्यक्षात बारा-पंधरा मिनिटं लागतात. यूएसबी ३ आणि चांगली एसएसडी असेल तर एक-दोन मिनिटांत काम होतं. महिन्याला एखादा व्हिडिओ करणाऱ्याने चहा घेऊन यावं, काही बिघडत नाही. पण सीझनला एकाआड एक लग्नं करणाऱ्याला हा वेळ रोज मोजावा लागतो. शिवाय एसएसडी जोडून तिच्यावरूनच एडिट करायचं ठरवलं, तर पोर्टचा वेग फारच महत्त्वाचा.

एक छोटी पण महागात पडणारी गोष्ट. पेनड्राइव्ह फॅट-३२ फॉरमॅटचा असेल, तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. मंगलाष्टकांना ट्रायपॉडवर लावून ठेवलेला फोन ४के मध्ये २४-२५ मिनिटांतच तेवढी फाइल बनवू शकतो. पेनड्राइव्ह एक्सफॅट करून घ्या आणि तो टॅबवर उघडतोय का, हे दुकानातच बघा.

आणि मित्राने काढलेलं फुटेज व्हॉट्सअॅपवर साध्या व्हिडिओसारखं मागवू नका. ते दाबून-चेपून येतं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं तर २ जीबीपर्यंतची फाइल मूळ दर्जात येते.

अॅप आधी, टॅब नंतर

आपण उलटं करतो. आधी टॅब घेतो, मग त्यावर काय चालतं ते शोधतो. परदेशी ट्युटोरियलमध्ये सर्रास दिसणारं कॅपकट भारतात २०२० पासून बंद आहे, तेव्हा ते मनात धरून खरेदी करू नका.

आयपॅडवर दाविंची रिझॉल्व्ह डिसेंबर २०२२ मध्ये आलं. बरंचसं फुकट आहे आणि रंगांच्या कामासाठी भारी. त्यातलं प्रोजेक्ट पुढे कॉम्प्युटरवरच्या दाविंचीत उघडता येतं. ज्यांना या क्षेत्रात नोकरी करायचीय त्यांच्यासाठी ही मोठी सोय. फायनल कट प्रो आयपॅडवर मे २०२३ मध्ये आलं. तेव्हा त्याला एम-१ किंवा त्यापुढची चिपच लागत होती आणि पैसे दर महिन्याला किंवा वर्षाला भरायचे होते. आयपॅडवरचं प्रोजेक्ट मॅकवर नेता येतं, मॅकवरचं आयपॅडवर आणता येत नाही. लुमाफ्यूजन आयपॅडवर जुनं आणि मुरलेलं आहे, नंतर ते अँड्रॉइडवरही आलं. ते एकदाच विकत घेता येतं.

अँड्रॉइड टॅबवर दाविंची किंवा फायनल कट नाही. तिथे लुमाफ्यूजन, काइनमास्टर, पॉवरडायरेक्टर, इनशॉट यांतून निवडायचं. रील्स आणि छोट्या व्हिडिओंना ही पुरेशी आहेत. फक्त दोन गोष्टी तपासा. फुकटच्या आवृत्तीत वॉटरमार्क येतो का? आणि तुम्हाला हवं ते अॅप त्याच मॉडेलवर चालतं का? अॅप स्टोअरमध्ये ‘तुमच्या डिव्हाइसवर चालत नाही’ हे पैसे देण्याआधी वाचलेलं बरं.

मराठी नीट येतेय का?

आता हेडिंगमधल्या गंमतीकडे. पत्रिकेवर, शॉर्टफिल्मच्या टायटलमध्ये, सबटायटलमध्ये मराठी लागणारच. एडिटिंग अॅपच्या टायटल टूलमध्ये ‘कऱ्हाड’ लिहा. मग ‘कृष्णा’, ‘दुसऱ्या’ आणि ‘श्रीक्षेत्र औदुंबर’. र चा तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा आकार काही अॅप्समध्ये तुटतो आणि कऱ्हाडचं ‘कर्हाड’ होतं. कुठे वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, कुठे जोडाक्षर फुटून हलंत दिसतो. नवरीच्या गावाचं नाव चुकलेला व्हिडिओ अख्ख्या भावकीत फिरतो आणि शिव्या एडिटरला बसतात.

बाहेरचा फॉन्ट अॅपमध्ये घेता येतो का, हेही विचारा. मुक्त, बालू, नोटो सान्स देवनागरी असे चांगले युनिकोड फॉन्ट फुकट मिळतात. पत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीतला मजकूर घेतलात, तर टॅबवर अगम्य अक्षरांची रांग दिसेल. तो मजकूर युनिकोडमध्ये मागा किंवा सरळ पुन्हा टाइप करा.

हलगीचा ठोका आणि मे महिन्याचं ऊन

बऱ्याच टॅबना हेडफोनची पिन उरलेली नाही, म्हणून आपण ब्लूटूथ इअरबड्स लावतो. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा येतो. गाणी ऐकताना कळत नाही, पण हलगीच्या ठोक्यावर कट मारताना सगळं चुकतं. टाइप-सीचा वायरवाला इअरफोन घ्या. टॅबला एकच पोर्ट असेल तर चार्जिंग, एसएसडी आणि इअरफोन एकत्र चालवायला हबही लागेल. हा खर्च टॅबच्या किमतीत आधीच धरा.

टॅबला पंखा नसतो. जास्त वेळ एक्सपोर्ट चाललं की तो तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो. अॅपल आयपॅड वापरण्यासाठी शून्य ते ३५ अंश तापमान सांगतं. आणि सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा ३५ च्या वर जाणं ही काही बातमी नाही! पत्र्याच्या खोलीत भर दुपारी एक्सपोर्ट लावला तर स्क्रीन अंधूक होणं, चार्जिंग थांबणं, काम मंदावणं हे सगळं होऊ शकतं. म्हणून दुकानात दहा सेकंदांची क्लिप चालवून ‘स्मूथ आहे’ म्हणू नका. दहा मिनिटांची टाइमलाइन एक्सपोर्टला लावा आणि बघा.

हप्ता चातुर्मासातही येतो

ए-१६ आयपॅडची सुरुवातीची किंमत बाजारात आला तेव्हा ३४,९०० रुपये होती. बारा हप्ते केले तर महिन्याला साधारण २,९००. ‘दोन लग्नांत निघतील’ असं आपण म्हणतो. पण आषाढीपासून कार्तिकीपर्यंत आपल्याकडे लग्नं जवळपास नसतात आणि हप्ता मात्र दर महिन्याला कापला जातो. मागच्या वर्षी एडिटिंगमधून किती पैसे हातात आले, ते कागदावर लिहा. बाराही महिन्यांचे हप्ते त्यातून निघत असतील तर बिनधास्त घ्या. निघत नसतील तर तो हप्ता आई-वडिलांच्या खिशातून जाणार आहे, हे आधीच मान्य करा आणि त्यांच्याशी तसं बोला.

आणि टॅब घ्यायचाच असंही काही नाही. तुमचं काम मिनिटभराच्या रील्सचं असेल आणि फोन बरा चालत असेल, तर तेवढ्या पैशांत चांगला माइक, ट्रायपॉड आणि एसएसडी येते. प्रेक्षक अंधूक चित्र एकवेळ चालवून घेतो, फाटलेला आवाज घेत नाही. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत नोकरी हवी असेल तर तिथे कॉम्प्युटरवर प्रीमिअर किंवा दाविंची चालवता यायला लागतं. मग जरा थांबून, पैसे साठवून दमदार लॅपटॉप घेणं आणि तोवर कॉलेजच्या लॅबमधला पीसी वापरणं शहाणपणाचं. टॅब खरा कामाचा आहे तो मधल्या मंडळींना, म्हणजे पाच-दहा मिनिटांचे व्हिडिओ नियमित करणाऱ्या, सातारा-सांगली ये-जा करताना गाडीत बसून रफ कट लावणाऱ्या, आणि फोनवरचं ४के फुटेज स्वस्त लॅपटॉपवर हँग होतं म्हणून वैतागलेल्यांना.

चौकट : दुकानात जाताना खिशात काय?

• तुमच्याच फोनवरची ४के मधली मोठी फाइल, एक्सफॅट पेनड्राइव्हवर. ती आत घ्यायला किती वेळ लागतो ते मोजा.
• ठरवलेल्या अॅपचं नाव. डेमो पीसवर ते टाकू देतील का, हे आधी फोन करून विचारा.
• ‘कऱ्हाड, कृष्णा, दुसऱ्या, श्रीक्षेत्र’ ही चार शब्दांची परीक्षा.
• बॉक्सवर न दिसणारे प्रश्न : पोर्ट यूएसबी २ की ३? कार्डची जागा आहे का? सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षं मिळणार? जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे?
• सेकंड हँड घेत असाल तर जुन्या मालकाचं अकाउंट समोरच काढायला लावा. स्क्रीन पूर्ण पांढरी करून डाग बघा आणि तासभर वापरून बॅटरी किती उतरते ते पाहा.
• फुटेजच्या कायम दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी. टॅब बिघडला तर नवा येतो, कुणाचं लग्न पुन्हा शूट करता येत नाही.
• पक्कं जीएसटी बिल, तुमच्या नावावर.