भाकड गाईच्या गव्हाणीत काय आहे?

वसुबारसेला आम्ही एश्बॉर्नच्या घरात पाटावर गाय-वासराची मूर्ती मांडतो. बाजरीची भाकरी, गवारीची भाजी, सगळं साग्रसंगीत. गेल्या वर्षी मात्र ओवाळताना मन माहेरी, सांगोल्याच्या गोठ्यात होतं. आमच्या कपिलीचं वासरू जन्मल्यापासून उभंच राहिलं नाही. तिसऱ्या दिवशी ते गेलं.

पशुवैद्य दादाला म्हणाले, "नेमकं कारण आता सांगता येणार नाही. पण गाभण गाय नुसत्या कडब्या-वाढ्यांवर होती, तिथून सुधारणा करा."

गाय नऊ महिन्यांहून थोडी अधिक गाभण असते. वासराचं वजन मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत वाढतं. नेमकी तेव्हाच ती भाकड असते आणि पेंड दुभत्या गाईकडे जाते! कडब्याने पोट भरतं, पण फॉस्फरस, तांबं, जस्त कमी पडतं. उसाच्या वाढ्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं. दुधात तांबं फारसं नसतं, म्हणून वासरू पोटात असतानाच ते यकृतात साठवतं. आईकडेच नसेल तर साठवणार काय? आयोडीन कमी पडलं तर वासरू अशक्त, गळा सुजलेला. सेलेनियम कमी पडलं तर स्नायू दुबळे. जर्मनीच्या मातीतही सेलेनियम कमीच, म्हणून इथले शेतकरीही गाईंना खनिजं देतात.

आमच्या हेसेन राज्यातल्याच गीसेनला युस्टुस लीबिग प्राध्यापक होते. पिकांच्या खनिज पोषणावरचं त्यांचं पुस्तक १८४० चं. जे द्रव्य सर्वांत कमी, तेच वाढ अडवतं, हा नियम त्यांनी सर्वदूर पोचवला. पिंपाची एक फळी आखूड असली की पाणी तिथूनच सांडतं, असं मी वर्गात शिकवायचे. आमच्याच गोठ्यातली आखूड फळी मात्र दिसली नाही.

पण जास्त म्हणजे चांगलं असंही नाही. सेलेनियमचा अतिरेक विषारी. विण्याआधी कॅल्शियम फार दिलं, तर हाडांतून ते काढायची शरीराची सवय सुटते आणि व्याल्यावर गाय दुग्धज्वराने आडवी होते. म्हणून प्रमाण पशुवैद्यालाच विचारावं.

दादा आता भाकड गाईलाही पेंडीतून रोज सुमारे ५० ग्रॅम खनिज मिश्रण देतो. यंदा कपिलीला कालवड झाली. तासाभरात उभी राहून चीक प्यायली. एका वासरावरून सिद्धांत मांडू नये, हे या माजी बाईंना कळतं. तरी वसुबारसेला गावी फोन कराल, तेव्हा एवढं जरूर विचारा: भाकड गाईला काय घालता?