पाबळ : जमीन बघायची तर मे महिन्यात

चाकणची कंटेनरची कोंडी मागे टाकून पूर्वेला निघालं की पाऊस आटत जातो. मावळातला भात केव्हाच मागे राहिलेला असतो. शिरूर तालुक्यातलं पाबळ येतं ते बाजरी, हुलगा आणि विहिरीला पाणी असेल तिथे कांदा घेऊन. मस्तानीच्या जहागिरीतलं हे गाव. तिची कबर इथेच आहे. बहुतेक जण ती पाहून परततात.

मी गेलो तो वेगळ्या प्रश्नासाठी. पिंपरी-चिंचवडमध्ये शिफ्टला कंटाळलेली माणसं हल्ली वरचेवर म्हणतात, एकरभर घेऊ आणि स्वतःचं पिकवून खाऊ. इथे ते जमेल?

पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटर धरला, तर एकरावर २० लाख लिटर पाणी पडतं. पण ते मोजक्या दिवसांत कोसळतं आणि मुरमाड उतारावरून निघून जातं. हजार चौरस फुटांच्या छपरावरून फार तर ४५ हजार लिटर साठेल. चौघांनी माणशी रोज ५० लिटरवर भागवलं तरी वर्षाला ७३ हजार लागतात; शेताचं नि गुरांचं वेगळंच. जमीन बघायला मे महिन्यात या, पावसाळ्यात सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात, असं पारावरच्या एका आजोबांनी सांगितलं. शिवाय सातबाऱ्यावर नाव नसलेल्याला शेतजमीन घेणं कायद्याने सोपं नाही, हेही आधी तपासावं.

पाबळने मला जिंकलं ते विज्ञान आश्रमात. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून १९८३ मध्ये या दुष्काळी गावात आले आणि २००३ मध्ये जाईपर्यंत इथेच राहिले. शाळेत न रमलेल्या मुलांना वर्षभर हातानेच शिकवायचं, हा त्यांचा ध्यास. एकच मुलगा वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेळीपालन आणि रक्ततपासणीसुद्धा शिकतो. विहीर कुठे खणायची हे ठरवताना जमिनीत सळ्या रोवून विजेचा रोध मोजतो. एमआयटीच्या साथीने इथे २००२ मध्ये फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू घडवायची कार्यशाळाही आली.

एका मुलाने मला घुमटाकार घर दाखवलं. लोखंडी अँगलचे तुकडे कापायचे, टोकं ठोकून चपटी करायची, भोकं पाडून बोल्टने त्रिकोण जोडायचे, वर जाळी ताणून सिमेंटचा गिलावा. आत खांब नाही, तुळई नाही. प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून तो समजावत होता, आणि बोलताना त्याला कुठेच अडखळावं लागत नव्हतं.

माझं मत असं झालं : नुसत्या एकरावर इथे घर चालणार नाही. शेततळं, दोन गाई, चार शेळ्या आणि असे कसबी हात असतील, तर चालेल. पण तेच हात सकाळी कंपनीच्या बसने चाकणला जातात. पगार दर महिन्याला येतो, बाजरी वर्षातून एकदा. पोरांना दोष कसा द्यावा? गावात मात्र विहिरीचा गाळ काढायला माणसं जमत नाहीत, ही तक्रार मी एकाहून अधिक घरांत ऐकली.