पडद्यावरची नदी, गंधवानीची मान

धार जिल्ह्यातल्या गंधवानी तालुक्यातून मान नदी वाहते आणि पुढे नर्मदेला मिळते. तिच्या काठच्या मुलांना व्हिडिओ गेममधून भूगोल शिकवता येईल का? येईल. पण आधी काही गैरसमज दूर करू. गेमला नाकं मुरडणाऱ्यांचे आणि त्याला डोक्यावर घेणाऱ्यांचेही.

गैरसमज १ : गेम म्हणजे नुसता टाइमपास.
वस्तुस्थिती : ‘द ओरेगॉन ट्रेल’ हा गेम १९७१ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात शाळेच्या वर्गासाठीच लिहिला गेला. १९८५ च्या ‘कार्मेन सँडिएगो’त चोराचा माग काढायला देशोदेशींची माहिती लागे, म्हणून खोक्यात ‘वर्ल्ड अल्मनॅक’ हे संदर्भपुस्तकच मिळे. ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेने, ऑर्डनन्स सर्व्हेने, २०१३ मध्ये ‘माइनक्राफ्ट’च्या ठोकळ्यांत आपला देश उभा केला.

गैरसमज २ : गेममुळे फार तर नावं पाठ होतात.
वस्तुस्थिती : ‘जिओगेसर’मध्ये रस्त्याचं दृश्य पाहून जागा ओळखायची असते. काळी माती आणि देवनागरी पाट्या दिसल्या की आपण चटकन ‘विदर्भ’ म्हणू. पण माळव्यातही हेच दिसेल, कारण दोन्हीकडची काळी जमीन दख्खनच्या बेसॉल्टपासून बनली आहे. मग पाटीवर ‘आहे’ लिहिलंय की ‘है’, हे बघावं लागतं. आपण का फसलो हे मुलाला सांगता आलं, तर त्याला भूगोल कळू लागला.

गैरसमज ३ : पडद्यावर दिसतं ते अचूकच असतं.
वस्तुस्थिती : २०२० च्या ‘फ्लाइट सिम्युलेटर’मध्ये मेलबर्नच्या एका उपनगरात २१२ मजली मनोरा उगवला होता. मूळ नकाशात कुणीतरी २ ऐवजी २१२ मजले टाइप केले होते, इतकंच. ‘माइनक्राफ्ट’मध्ये सूर्य रोज थेट माथ्यावर येतो, गंधवानीत मात्र वर्षातून दोनदाच, साधारण ३ जून आणि ९ जुलैच्या सुमारास. गेममध्ये सपाटीवर ओतलेलं पाणी सात ठोकळे जाऊन थांबतं. धार जिल्ह्यात उत्तरेचं पाणी चंबळेतून यमुना-गंगेमार्गे बंगालच्या उपसागराला जातं आणि दक्षिणेचं नर्मदेतून अरबी समुद्राला. मधला जलविभाजक गेममध्ये आपोआप येत नाही. तो मुलांना दाखवावा लागतो.

गैरसमज ४ : राज्य जिंकण्याच्या गेममधून राजकीय नकाशा समजतो.
वस्तुस्थिती : तिथे बहुधा एका प्रदेशाला एकच रंग आणि एकच धनी. माळव्यातल्या देवासात मात्र पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन संस्थानं १९४८ पर्यंत एकाच गावात नांदत होती. त्या गावाला कुठला रंग द्यायचा, हा प्रश्न वर्गात टाकून पाहा.

गैरसमज ५ : त्यासाठी महागडे संगणक आणि वेगवान इंटरनेट हवं.
वस्तुस्थिती : ‘जीकॉम्प्री’ आणि ठोकळ्यांचा ‘लुआंटी’ मोफत आहेत, एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही चालतात. वर्गात एकच संगणक असला, तर मुलांनी गट करून आळीपाळीने खेळावं.

गटांनी ठोकळ्यांत मानेचं खोरं रचावं, मग वही घेऊन नदीवर जावं आणि आपलं कुठे कुठे चुकलं ते लिहावं: उतार, वळण, गाळ, काठची झाडं. ती यादी पुरी झाली की गेम बंद करायला हरकत नाही.