कागद, पट्टे आणि डाग : ब्रिटिश तिकीट-पुस्तिकांचा मागोवा

१६ मार्च १९०४ रोजी ब्रिटनच्या टपाल खात्याने पहिली तिकीट-पुस्तिका विक्रीला काढली. आत सातव्या एडवर्डची एक पेनीची २४ तिकिटे, म्हणजे दोन शिलिंगांचा ऐवज. किंमत मात्र दोन शिलिंग अर्धा पेनी. वरचा अर्धा पेनी बांधणीचा.

सुरुवातीची मोठी खूण म्हणजे वॉटरमार्क, कागदातच उमटवलेले चिन्ह. शिलाईची कड नेहमी डावीकडे यावी म्हणून पुस्तिकांच्या तावावर निम्मी तिकिटे उलटी छापत. कागदातला मुकुट मात्र एकाच दिशेने असे. त्यामुळे उलट्या वॉटरमार्कचे तिकीट पुस्तिकेत नेहमीचेच, ते छपाईची चूक नव्हे.

१९५७ साली पत्रे सुलटी लावणाऱ्या यंत्रांसाठी तिकिटांच्या पाठीवर ग्राफाइटच्या काळ्या रेघा आल्या आणि १९५९ पासून दर्शनी बाजूला फॉस्फरचे पट्टे. ५ जून १९६७ पासूनच्या, राणी एलिझाबेथच्या चेहऱ्याच्या ‘मॅचिन’ तिकिटांतून वॉटरमार्कच गेला. आता कागद ओळखायचा तो अतिनील दिव्याखाली. आधीचा लेपित कागद मंद दिसतो, तर सत्तरच्या दशकात रुळलेला नवा कागद निळसर पांढरा झळकतो. डिंकही साक्ष देतो : अरबी डिंकाला चकाकी असते, पीव्हीए हा कृत्रिम डिंक निस्तेज असतो आणि १९७३ पासूनच्या डेक्स्ट्रिनमिश्रित डिंकाला निळसर हिरवी झाक असते.

या तपासणीचे मोल कळते ते २४ मे १९७२ च्या वेजवुड या चिनीमातीच्या कंपनीवरच्या एक पौंडाच्या पुस्तिकेत. तिच्यात अर्ध्या पेनीचे एक तिकीट असे आहे की, त्याच्या फक्त डाव्या काठाला फॉस्फरचा पट्टा आहे. हे तिकीट दुसरीकडे कुठेही निघाले नाही. दोन पट्ट्यांचे तसेच तिकीट मात्र सर्रास मिळते. म्हणून सुटे तिकीट घेताना ते प्रकाशात तिरके धरावे आणि उजवा पट्टा कुणी खोडलेला नाही ना, हे आधी पाहावे.

छपाईच्या दोषांची पारख वेगळी. ग्रॅव्ह्युअर छपाईच्या सिलिंडरवर ओरखडा पडला, तर तो प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी उमटतो. उडालेली शाई किंवा धुळीचा कण एकदाच. एका तिकिटावरचा ठिपका काहीच सिद्ध करत नाही. तोच ठिपका दुसऱ्या पुस्तिकेतल्या त्याच जागेवर सापडला, की तो खरा दोष.

२००९ पासून तिकिटांना यू आकाराचे काप आणि चमकत्या छपाईत लपलेली अक्षरे आली : बाराच्या पुस्तिकेसाठी टी, सहाच्या पुस्तिकेसाठी एस. २०२२ मध्ये बारकोड आले आणि ३१ जुलै २०२३ नंतर बिनबारकोडची रोजच्या वापराची तिकिटे टपालासाठी बाद ठरली. त्यामुळे कपाटातल्या जुन्या पुस्तिका फोडून वापरायचे कारणच उरलेले नाही.

त्या फोडू नका. तिकिटाची जागा, कड, शिलाई आणि शेजारची तिकिटे हाच खरा पुरावा आहे. तिकीट सुटे केले की तो गेला. मग कोणताही दिवा किंवा भिंग तो परत देत नाही.